आक्षेपाची मुदत

"अहो, ते लॉगिन करू शकत नाहीत. ते वारले," भांडारपाल बाई फोनवर म्हणाल्या.

पलीकडे सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या मदत केंद्रातल्या मुलीने काहीतरी टाइप केलं.

"कधीपर्यंत, मॅडम?"

बाईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत कानाला लावला.

"वारले म्हणजे कायमचे वारले."

"बरं. मग कारण काय टाकू? माझ्याकडे बदली, निवृत्ती, निलंबन आणि दीर्घ रजा एवढीच कारणं आहेत."

"मृत्यू नाही?"

"मृत्यू नाहीये, मॅडम." तिच्या आवाजात खरोखरचा खेद होता. "दीर्घ रजा टाकू का?"

समोरच्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती. जो माणूस ताप अंगात घेऊनसुद्धा कामावर यायचा, त्याला मेल्यावर रजेवर पाठवायचं बाईंच्या जिवावर आलं.

"तूर्त काही टाकू नका. मला एवढंच सांगा, त्यांचं खातं बंद केलं तर आमच्या निविदा उघडतील का?"

"नाही, मॅडम. निविदा त्यांच्या आणि तुमच्या डिजिटल सहीनं कुलूपबंद झाल्यात. एकाचं खातं बंद झालं की त्या कायमच्या बंद."

"आणि खातं बंद केलं नाही तर?"

"तर ते कधीही येऊन उघडू शकतात."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

निविदा डायलिसिसच्या यंत्रांसाठी होत्या. रुग्णालयातली जुनी यंत्रं एकामागून एक बंद पडली होती आणि आता त्या खोलीत मोडक्या खाटा ठेवल्या जात होत्या. मंजुरी मिळाली होती, पुरवठादारांनी दर भरले होते आणि ते सगळे दर पोर्टलच्या पोटात सीलबंद पडले होते. उघडायला दोघांचे डोंगल लागायचे. बोटभर लांबीची ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, पण तीच माणसाची सही. एक डोंगल बाईंचं आणि दुसरं लेखाधिकाऱ्यांचं, ज्यांना सगळं रुग्णालय पाठीमागे 'फेरतपास' म्हणायचं. समोर म्हणायचीही सोय होती, कारण ते रागवायचे नाहीत. "एकदा तपासलेलं म्हणजे नुसतं पाहिलेलं," एवढंच म्हणायचे.

आर्थिक वर्ष संपत आलं होतं. या वर्षात दर उघडले नाहीत तर निधी परत जाणार, आणि परत गेलेला निधी पुन्हा येईपर्यंत खाटांची खोली खाटांचीच राहणार. बाईंचा थोरला भाऊ आठवड्यातून तीनदा पहाटेची बस धरून दुसऱ्या शहरात डायलिसिसला जायचा आणि परत येताना खिडकीला डोकं टेकून अर्धा बेशुद्ध यायचा. मागच्या आठवड्यात तो म्हणाला होता, "बारके, आता पुढच्या वेळी नको जायला." थट्टेत म्हणाला होता, पण बूट काढायला त्याला तिचा हात लागला होता.

"डोंगल कुठाय त्यांचं?" रुग्णालयाच्या अधीक्षकांनी विचारलं.

"घरी असेल."

"मग आणा की. पासवर्ड चिकटवला असेल कुठेतरी ड्रॉवरला."

"ते चिकटवणाऱ्यांतले नव्हते, साहेब."

अधीक्षकांनी पंख्याकडे पाहिलं. अडचणीच्या वेळी ते नेहमी पंख्याकडे पाहायचे, जणू तो त्यांना वरिष्ठ होता.

"मी काही म्हणालो नाही हं," ते म्हणाले.

फेरतपासांच्या घरी त्यांच्या पत्नीने दार उघडलं आणि काही न विचारता आत जाऊन चष्म्याचं घर घेऊन आल्या. डोंगल त्यातच होतं, चष्म्याच्या शेजारी.

"कुणीतरी येईल असं वाटतच होतं," काकू म्हणाल्या. "बस गं. भावाचं कसं आहे?"

"आहे."

"त्यांना माहीत होतं ना त्याचं?"

"त्यांनीच मला लेखी द्यायला लावलं होतं, काकू. निविदा समितीतल्या माणसाचा भाऊ पेशंट असेल तर तसं आधी कळवून ठेव म्हणाले. मी दिलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि 'भाऊ सख्खा का?' असं समासात लिहून परत पाठवलं."

काकू हसल्या. हसताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"लग्नाच्या दिवशी रजिस्टरवर सही करायच्या आधी सगळं पान वाचत बसले. मागे माणसं ताटकळलेली. शेवटी रजिस्ट्रार म्हणाला, 'अहो, मजकूर तोच असतो, नवरी तेवढी बदलते.' तरी वाचलंच. पत्ता चुकला होता माझ्या माहेरचा."

मग बाईंनी विचारायचं ते विचारलं.

"पासवर्ड मला येतो," काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी हाताला सुया होत्या ना, टाइप करता यायचं नाही. मलाच टाकायला लावायचे. मी टाकायला लागले की तोंड भिंतीकडे करायचे."

"का?"

"दुसऱ्यानं पासवर्ड टाकताना बघू नये म्हणून."

"पण पासवर्ड तर त्यांचाच!"

"तेच मी म्हणायची." काकूंनी चष्म्याचं घर बंद केलं. "पण मी तो तुला सांगणार नाही. कुणाला द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी वापरायचा नाही, असं काही म्हणाले नव्हते. मीच येते उद्या."

दुसऱ्या दिवशी काकू समितीच्या खोलीत नवऱ्याच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची उंच होती, त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला अधीक्षक आणि वर पंखा. बाईंनी आपलं डोंगल लावून आपलं काम केलं आणि संगणक काकूंकडे सरकवला. काकूंनी पासवर्ड टाकायला घेतला तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. अधीक्षकांनीही केलं.

पर्समध्ये फोन वाजला. फेरतपासांच्या फोनवर पोर्टलचा सांकेतिक आकडा आला होता. काकूंनी तो लांब धरून वाचला.

"किती दिवसांनी यांच्या फोनवर कामाचं काही आलं," त्या म्हणाल्या आणि एकेक आकडा दाबत गेल्या.

पडद्यावर लेखाधिकाऱ्यांचं स्वागत झालं. खाली एक वाक्य होतं: 'निविदा उघडताना मी स्वतः उपस्थित आहे.' त्याच्यापुढे होय आणि नाही.

काकूंचा हात माऊसवर थांबला.

"याला काय सांगू?"

अधीक्षक वर पाहत होते. पंखा बंद होता, तरी पाहत होते.

"होय दाबा, काकू," बाई म्हणाल्या. "मी सांगतेय."

दर उघडले. सगळ्यात कमी दर मंजुरीच्या आत होता. अधीक्षकांनी हुश्श केलं. काकूंनी डोंगल काढलं, रुमालाने पुसलं आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. रिक्षापर्यंत सोडायला गेलेल्या बाईंना त्या एवढंच म्हणाल्या, "ते असते तर त्यांनी हे चालू दिलं नसतं. पण ते असते तर हे करावंच लागलं नसतं. मी रात्रभर इथपर्यंत येते आणि अडकते."

बाई परत आल्या तेव्हा पोर्टलने बैठकीचं इतिवृत्त आपोआप तयार करून ठेवलं होतं. 'लेखाधिकारी: उपस्थित.' शेवटी शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट होती; तिथे लिहिलेलं वेगळ्या पुरवणीत जायचं, ती उघडली तरच दिसायचं. इतिवृत्त सगळ्या पुरवठादारांना दिसणार, वरिष्ठ कार्यालयाला दिसणार, ज्याला कुणाला पाहायचं त्याला दिसणार, आणि मग आक्षेपाची मुदत सुरू होणार.

"शेरा सोडून द्या," अधीक्षक म्हणाले. "रिकामा शेरा हा सगळ्यात चांगला शेरा."

बाई खुर्चीत बसल्या आणि टाइप करायला लागल्या. अधीक्षक मागे येऊन उभे राहिले. लेखाधिकाऱ्यांचं निधन झालेलं आहे, कधी झालं, त्यांचं डोंगल आज कुणी लावलं, 'होय' दाबायला कुणी सांगितलं, सगळं चौकटीत उतरत गेलं.

"अहो बाई, निविदा न मिळालेल्या पुरवठादारांपैकी एकानं जरी हे वाचलं ना, तरी एका ओळीच्या अर्जावर सगळं रद्द होईल. चौकशी लागेल ती वेगळी. आणि तुमच्या भावाचं…"

"माहीत आहे, साहेब."

"मग कशाला?"

"भावासाठी केलं असं नको व्हायला," त्या टाइप करता करता म्हणाल्या. "म्हणजे भावासाठीच केलंय. म्हणून तर लिहिते."

अधीक्षकांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि इतिवृत्ताला आपली सही जोडली. उद्या कुणी विचारलंच, तर चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही हे सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं.

संध्याकाळी बाईंनी भावाला सांगून टाकलं. तो पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. डायलिसिसमुळे पाणी मोजूनच प्यायचं असल्याने बर्फाचा एक खडा गालात धरून तो पुरवून पुरवून चघळत होता.

"म्हणजे दार उघडलंस," तो म्हणाला, "आणि वर पाटी लावलीस, की हे दार चोरून उघडलंय."

"तसंच."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

भावाने खडा दुसऱ्या गालात घेतला. "लिहू नकोस म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं, दादा."

दुसऱ्या दिवशी पहाटे बससाठी निघताना बूट मात्र त्याने स्वतःच घातले. त्याला बराच वेळ लागला, आणि तिने पुढे केलेला हात त्याला दिसला नाही.

आक्षेपाच्या मुदतीत बाई रोज कार्यालयात पोचल्या पोचल्या पोर्टल उघडायच्या. एकदा निविदा न मिळालेल्या एका पुरवठादाराचा माणूस स्वतः दारात येऊन उभा राहिला. बाईंच्या हातातला स्टेपलर टेबलावर पडला.

"त्या निविदेबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोला."

"आमच्या कंपनीच्या नावात तुमच्याकडे 'प्रायव्हेट' आधी पडलंय आणि 'लिमिटेड' नाहीच. तेवढं दुरुस्त झालं तर बरं. मालक फार चिडतात."

"इतिवृत्त वाचलंत तुम्ही?"

"नाही नाही. पहिल्या पानावर नाव असतं ना, तेवढंच. बाकी आम्ही कशाला वाचतोय!"

बाईंनी नाव दुरुस्त करून दिलं. तो दोनदा आभार मानून गेला.

मुदत संपली त्या सकाळी पोर्टलवर हिरवी खूण उमटली. आक्षेप: निरंक. त्याखाली वरिष्ठ कार्यालयाची मान्यता: 'शेऱ्यासह इतिवृत्त वाचले. योग्य आहे.' आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, शेऱ्याची पुरवणी किती वेळा उघडली गेली त्याचा आकडा. शून्य.

अधीक्षकांनी सगळ्यांना चहा पाजला. "बघा, उगाच घाबरत होतो," ते म्हणाले. कप हातात घेऊन बाई त्या रिकाम्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या. सुटल्याचं सुख व्हायला हवं होतं, आणि झालंही. पण सबंध इमारतीत, वरच्या कार्यालयात, सगळ्या पुरवठादारांकडे मिळून, हे वाचणारा एकच माणूस होता आणि तोच नव्हता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा इतकं कळलं नव्हतं.

यंत्रं आली. खाटा दुसरीकडे हलल्या, खोलीला रंग लागला. भावाचा नंबर पहिल्याच आठवड्यात लागला. बाई जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसल्या. नळीतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं, आणि यंत्र मधूनच समाधानाने टुक् करत होतं.

"बस नाही, धक्के नाहीत," भाऊ म्हणाला. "श्रीमंत झाल्यासारखं वाटतंय." मग तिच्याकडे बघून, "तुझं तोंड का असं? आक्षेप नाही आला ना?"

"नाही आला. कुणी वाचलंच नाही, दादा. एकानंही नाही."

भाऊ हसायला लागला, पण सुईचा हात हलला म्हणून थांबला. थांबल्यावर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. यंत्र दोनदा टुक् झालं.

"दे इकडे," तो म्हणाला.

"काय?"

"ते तुझं लिहिलेलं. फोनवर येतं ना? मला इथे पडल्या पडल्या दुसरं काय काम आहे?"

बाईंनी फोनवर इतिवृत्त काढून त्याच्या मोकळ्या हातात दिलं. तो सुरुवातीपासून वाचायला लागला. हळू वाचत होता, एका अंगठ्याने पान सरकवत. मध्येच मागे गेला, परत पुढे आला. बाई समोर बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, निकाल ऐकायला बसल्यासारख्या.

शेऱ्यापाशी तो बराच वेळ थांबला.

"बारके."

"हं."

"साल चुकलंय."

"कुठे?"

"इथे, ते वारले त्या तारखेत. पुढचं साल टाकलंयस." त्याने फोन तिच्याकडे वळवला. "या हिशेबानं तुझे लेखाधिकारी अजून हयात आहेत."

आर्थिक वर्ष संपत आलं की सगळ्या पुरवठा आदेशांवर पुढचं साल टाकावं लागतं. हाताला तीच सवय लागलेली असते. बाई हे सांगणार होत्या. त्या पुढे वाकल्या, फोन जवळ घेतला, मग आणखी जवळ घेतला.

"कुठली ओळ?" त्यांनी विचारलं. त्यांना एकही ओळ दिसत नव्हती.