शाईचं पाणी

गणूनं पाण्यानं भरलेला तांब्या टेबलावर ठेवला, त्यावर झाकलेलं केळीचं पान काढलं आणि दोन पावलं मागं सरकून तो उभा राहिला.

"विहिरीचं हाय, सर. सकाळीच काढलं. आता तुमी त्यात शाप घाला."

दिनानाथ पाटोळे सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. हा गणू म्हणजे आपल्याकडे बुधवारी आणि शनिवारी मासळी घेऊन येणाऱ्या सोनाबाईचा नवरा, उरणकडच्या नव्या बंदरात पाळीवर जातो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आजवर तो या घराची पायरी चढला नव्हता.

"कसला शाप?"

"ज्या बाईवर संशय हाय तिला पाजायचा. तुमच्या पोथीत हाय म्हनं. कागदावर शाप लिवायचा, पान्यात धुवायचा, नि तिला प्यायला द्यायचा. खोटी असली तर पोट फुगतं."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगितलं एकानं," गणू खिडकीकडे बघत म्हणाला.

सरांना ते खटकलं. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन, बायको वारल्यावर, ते नवीन पनवेलच्या या बैठ्या घरात एकटेच राहत होते. ते ख्रिस्ती आहेत हे शेजाऱ्यांना नाताळच्या करंज्यांपुरतं माहीत होतं. आपल्या शास्त्राबद्दल, बायबलबद्दल, ते शेजारीपाजारी चकार शब्द बोलत नसत. आणि मोशेच्या नियमांतलं ते पान तर असं, की उपासनेत तिथवर आलं की पाळकसुद्धा घसा खाकरून पुढचं वाचायला घेत.

"तुमच्याकडे भगत असतो ना? त्याला विचार."

"त्याचं पानी दोनदा पाजलं. काय झालं नाय. मंग कळलं, भगत तिच्या मावशीच्या गावचा." गणू टेबलाजवळ आला. "तुमचा देव आमच्यात कुनाच्या वळखीचा नाय, सर. तो कुनाची बाजू घेनार नाय."

सरांना हसू येत होतं, पण गणूच्या चेहऱ्याकडे पाहून ते आतल्या आत राहिलं. मग गणू एकेक सांगत गेला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. मासळीचा टेम्पो चालवणारा कुणी हितेश. तो बाकीच्या बायांना पाट्यांबरोबर मागं बसवतो, सोनाबाईला मात्र पुढं, आपल्या शेजारी.

"का बसवतो? सांगा ना तुमी."

 सरांनी शास्त्र काढलं आणि ते पान शोधून, अवघड शब्द सोपे करत, वाचून दाखवलं. मंदिराच्या जमिनीवरची धूळ पाण्यात घालायची. शाप लिहायचे, ते त्याच पाण्यात धुवायचे. बाई दोषी असेल तर तिचं पोट सुजेल, मांडी सडेल, लोकांत तिचं नाव शिवीसारखं घेतलं जाईल. निर्दोष असेल तर तिला काही होणार नाही, उलट तिला मुलंबाळं होतील. शेवटचं वाक्य वाचताना त्यांनी वर पाहिलं. गणू ऐकत नव्हता. तो तांब्यातल्या पाण्याकडे बघत होता.

"हे याजकाचं, मंदिरातल्या पुरोहिताचं काम. मी याजक नाही. आणि ते दिवसही गेले, गणू."

"मंग होळीच्या आदी तिला मायेरी घालवतो. परत आनायची नाय." त्यानं पान पुन्हा तांब्यावर झाकलं, तांब्या मात्र उचलला नाही. "रविवारी घेऊन येतो तिला. तवर इचार करा."

तो गेल्यावर सरांनी भरदुपारी दाराला कडी घातली. या माणसाला खरं हवंय की नुसतं निमित्त हवंय, हे त्यांना उमगेना.

बुधवारी सोनाबाई आली. पाटी उतरवून पायरीवर बसली आणि पदराचं टोक नाकाशी धरून एका हातानं बोंबील निवडू लागली.

"रविवारी येनार हाव आमी. लिवून ठेवलंत?"

"सोनाबाई, मी लिहिणार नाही. असलं काही करणं बरं नव्हे."

"लिवा हो. मी पिते."

"भीती नाही वाटत?"

"मना कशाला? तुमालाच वाटतेय." ती हसली. मग हात थांबवून तिनं विचारलं, "जिचा दोष नाय तिला पोर व्हतं, असंच हाय ना त्यात? नक्की?"

"तसंच आहे."

"मंग लिवा." तिनं बोंबील कागदात गुंडाळले. "नाय लिवलंत तर मना घर नाय. लिवलंत तर काय ते व्हईल. तुमी कवा पाजलं व्हतं का कुनाला?"

"नाही," सर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण तिची पाठ वळल्यावर सर बराच वेळ कागदातले बोंबील हातात घेऊन उभे राहिले. नगरला असताना एक गायनमास्तर घरी यायचे. सरांच्या बायकोला, सुमतीला, भजनांच्या चाली शिकवायचे. चार वर्षं सर ग्रंथालयातून घरी आले की आधी मोरीत जायचे आणि विसळायच्या कपबशा किती आहेत ते बघायचे. विचारलं मात्र कधीच नाही. सुमती गेली त्याला नऊ वर्षं झाली. आपण असं बघतो, हे तिला कळत होतं की नाही, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या रविवारी उपासना आटोपली तेव्हा सर मागं रेंगाळले. त्यांच्या मंडळीला अजून स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं, एका शाळेचा वर्ग भाड्यानं घेतला होता. फळ्याखालची चिमूटभर धूळ त्यांनी कागदाच्या पुडीत घेतली. खडूचीच होती ती. जागा पवित्र म्हणावी की नाही, याचा विचार करत ते घरी आले.

दुपारी दोघं आली. सोनाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सरांनी टेबलावरचं बॉलपेन उचललं. त्याची शाई पाण्यात उतरत नाही. बाई नुसतं पाणी पिईल आणि गणूला कळणारही नाही. अक्षर काढण्याआधीच त्यांनी ते खाली ठेवलं आणि शाईचं पेन घेतलं. शापाचं प्रत्येक वाक्य त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. देवाचं नाव आलं तिथं त्यांचा हात थोडा अडला. मग परातीएवढ्या थाळीत कागद धरून त्यांनी वरून तांब्यातलं पाणी सोडलं. निळी अक्षरं फुटली, पसरली, देवाचं नावही गेलं. कागद कोरा झाला. शाप लिहायचा तो धुऊन टाकण्यासाठी, हे शास्त्रात इतक्या वर्षांत वाचूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

धूळ मिसळून पाणी त्यांनी काचेच्या पेल्यात ओतलं. सोनाबाईनं ते एका दमात पिऊन टाकलं आणि पेला पालथा ठेवला.

"कडू नाय," ती म्हणाली. "शाळेचा वास येतोय."

गणू तिच्या पोटाकडे बघत होता. सरांना स्वतःची लाज वाटली, कारण तेही तिकडेच बघत होते.

त्यानंतर सोनाबाई यायची बंद झाली. मासळी घेऊन हौसा नावाची दुसरीच बाई येऊ लागली. सोनाबाईचं विचारलं तर ती म्हणायची, "हाय की घरी." सर दर बुधवारी विचारायचे आणि उत्तर देणाऱ्या हौसाचा चेहरा निरखायचे.

चैत्रात गणू पुन्हा आला. या वेळी हात रिकामे होते.

"पोट दिसाया लागलं, सर," तो दारातूनच म्हणाला. "फुगलंय, का भरलंय? तुमी सांगा."

सरांनी शास्त्र उघडलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. निर्दोष बाईला मुलंबाळं होतील.

"हे त्या दिवशी नव्हतं वाचलंत."

"वाचलं होतं."

गणू जमिनीवरच बसला. दोन्ही तळव्यांनी त्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग हळूच वर बघितलं.

"पानी पिल्यावरच ऱ्हायलं ना, सर? आदी नाय ना? गोदू सुईन म्हनते पाचवा लागला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय म्हना."

संक्रांतीपासून महिने होत होते तीन. टेबलाखाली सरांची बोटं आपोआप अंगठ्याला लागत गेली आणि मध्येच थांबली. त्यांना पायरीवरची सोनाबाई दिसली. जन्म मासळीत गेलेली बाई, आणि त्या बुधवारी पदर नाकाशी धरून बसलेली. नक्की ना, असं तिनं विचारलं होतं. अकरा वर्षांनी राहिलेल्या पोरासाठी तेव्हाच तिला कुणाची तरी साक्ष हवी होती. ते पोर गणूचं, की टेम्पोवाल्याचं? सरांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी मूठ मिटली.

"पाण्यानंतरच," ते म्हणाले. उजवा हात उघड्या पानावर होता, तो त्यांनी काढला नाही. "गोदूचं चुकलं असेल."

गणू उठला. दाराशी गेल्यावर त्याला हसू फुटलं.

"तीच म्हनाली व्हती बघा. सरांच्या पोथीत पान्याचा शाप हाय, तिथं खरं कळतंय म्हनून."

"कोण म्हणाली?"

"सोना. दुसरं कोन?"

तो गेल्यावर सरांना आठवलं. नाताळच्या सुमारास, खवले काढता काढता, तिनं सहज विचारलं होतं, "काय वाचताव एवढं?" असं त्यांना कुणी विचारत नसे. त्यांनी सगळं सांगितलं होतं, पेल्यापासून मुलाबाळांपर्यंत. मासळीवालीशी दारात बोलणं हे बोलण्यात त्यांनी धरलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस अंघोळ करताना ते आपल्या पोटाकडे बघत. मांडीही चाचपून पाहत.

बुधवारी पायरीवर ओळखीचा आवाज आला. सोनाबाई पाटीशिवाय आली होती, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एकच पापलेट. बसताना तिनं भिंतीला हात टेकला.

"हा इकायचा नाय, तुमाला आनलाय," ती म्हणाली. "पानी द्या जरा."

सरांनी आतून पेला भरून आणला. तोच काचेचा पेला. घरात दुसरा नव्हता. तिनं तो हातात घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि त्यांच्याकडे परत केला.

"आदी तुमी."

ती हसत होती की काय, ते त्यांना उन्हामुळे नीट दिसलं नाही. सर दारातच उभे राहून प्यायले. पाणी साधंच होतं. शेवटच्या घोटाला त्यांना वेळ लागला, आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत सोनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.