पंच्याऐंशी अंश

आत्या भरलेली बॅग पायाशी घेऊन बसली होती. तिने जावं की राहावं, हे माझा नखाएवढा सेन्सर ठरवणार होता.

भांडण खिडकीचं. बाबांना बैठकीच्या खोलीत उकडतं, म्हणून ते ती उघडतात. त्यांच्या या थोरल्या बहिणीला थंडी वाजते, म्हणून ती लावते. तीन आठवडे खिडकी दिवसातून सरासरी चाळीस वेळा हलली. मी मोजलं होतं.

शेवटी आत्या म्हणाली, "पोरी, तू शास्त्र शिकलीस ना? मग मोज. खोली गार निघाली तर खिडकी बंद. नाही तर मी चालले माझ्या घरी."

तिच्या घरी बोलायला भिंतींशिवाय कुणी नव्हतं. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. बाबांनाही वाटत होतं, पण जीव गेला तरी ते तसं म्हणाले नसते.

मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, एक रेझिस्टर, चार वायरी, काड्यापेटीएवढा पडदा. सगळं साबणाच्या डबीत कोंबलं. दर दहा मिनिटांनी तापमान वाचायचं, असा प्रोग्राम लिहिला आणि डबी चार्जरला लावली.

आकडा उमटला : ८५.

"पंच्याऐंशी!" बाबांनी शर्टाची दोन बटणं सोडली. "आणि म्हणे मी नखरे करतो!"

आत्याने शालीतून हात काढून कपाळाला लावला. "पंच्याऐंशीत मला हुडहुडी भरते? म्हणजे माझं काही खरं नाही रे."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "असं नको बोलूस, ताई. चल, आधी बाहेर चल. या भट्टीत बसायचं नाही."

दोघं जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. बाबांनी तिच्यासाठी उशी नेली. दहा मिनिटं आतपर्यंत हसण्याचा आवाज येत होता.

मग पडद्यावर २४.५ आलं आणि माझी ट्यूब पेटली.

"चूक माझी," मी बाहेर जाऊन सांगितलं. "वीज मिळाल्यावर सेन्सरला मोजायला पाऊण सेकंद लागतो. मी त्याआधीच विचारलं. काही मोजलेलं नसताना विचारलं, की तो पंच्याऐंशी सांगतो."

"न बघता ठोकून देतो?" आत्या म्हणाली. "तुझ्या बापावर गेलाय."

"साडेचोवीस म्हणजे गरमच," बाबा उठले.

"गार!"

"गरम!"

खिडकी उघडली, लागली, उघडली. आत्याने बॅग उचलली आणि चपला पायात सरकवल्या.

बाबा डबीपाशी गेले. त्यांनी चार्जर उपटला आणि परत खोचला.

८५.

"ताई," पाठमोरेच ते म्हणाले, "पंच्याऐंशी झाले."

आत्या उंबऱ्यात थांबली. "मोजून?"

"न मोजता."

तिने बॅग खाली ठेवली. "मग इथे कोण बसणार? चल बाहेर. उशी घे."

संध्याकाळी मी प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला. पाऊण सेकंद थांबायची ओळ लिहिली आणि खोडली. मग दोन मोजण्यांमधल्या दहा मिनिटांच्या जागी एक तास टाकला.