पंधरा दिवस काहीच लावायचं नाही

"पंधरा दिवस काहीही लावू नका," एवढंच वाशीमच्या सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळी नाही, मलम नाही, वांगं बंद करा म्हणणं नाही. परतीच्या एसटीत उज्ज्वलाला वाटलं होतं, याहून सोपं काम कुणी कुणाला सांगितलं नसेल. आज सहावा दिवस होता आणि ती दारात उभी राहून आईच्या उजव्या कोपराकडे बघत होती. कोपरावर हिरवट लेप वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि ताकाचा आंबूस वास ओसरीभर पसरला होता.

"हे काय हाय?"

"टाकळ्याचं बी," गोमतीबाई म्हणाली. "धुरपतानं ताकात वाटून आनलं."

"अन् तू लावू देल्लं."

"तिनं सोता वाटलं वं, पाट्यावर. हात भरून आला तिचा. तिले काय म्हनू, घिऊन जा वापस?"

"व्हय. हेच म्हनाचं व्हतं."

गोमतीबाईने लेकीकडे असं पाहिलं, की जणू तिने दारात आलेल्या पाहुण्याला हाकलायला सांगितलं होतं.

गोमतीबाई चौदा वर्षांपासून गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढरे पापुद्रे धरू लागले आणि यंदाच्या थंडीत चट्टे तळहाताएवढे झाले. डिसेंबरात शाळा समितीतल्या कुणीतरी ते पाहिलं. गजकर्ण आहे, पोरांना लागेल, अशी कुजबुज झाली. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी गोमतीबाईला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग स्वयंपाकखोलीची किल्ली मागून घेतली. हे लागट नाही असा डॉक्टरचा कागद तीस जानेवारीपर्यंत आणला तर किल्ली परत, नाही तर समिती दुसरी बाई कायमची ठेवणार. तोवर शेजारची धुरपताबाई शिजवत होती. गोमतीबाईचा हात मात्र अजून दिवसातून दहादा कमरेशी जायचा आणि रिकामाच परत यायचा.

उज्ज्वला रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, मंगरूळपीरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. आईला सोरायसिस असावा आणि तो कुणाला लागत नाही, हे तिने वाचून केव्हाच ठरवलं होतं. पण तिचं ठरवणं म्हणजे डॉक्टरचा कागद नव्हे. म्हणून ती आईला वाशीमला घेऊन गेली. तिथे डॉक्टर मॅडमनी ओल्या कापसाने कोपर पुसायला घेतलं. वर हळद निघाली, खाली करंजाचं तेल, त्याखाली आणखी काहीतरी काळं, आणि सगळ्यात खाली भाजल्यासारखी पुरळ.

"यातला आजार कोणता आणि तुमचे इलाज कोणते, हेच मला कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "कळल्याशिवाय सही कशी करू? पंधरा दिवस काही लावू नका. मूळ रोग दिसू द्या. मग या."

त्या संध्याकाळी उज्ज्वलाने आईला नीट समजावून सांगितलं. "आमच्या लॅबमधी मातीचे दहा नमुने लावले ना, तरी अकरावी बाटली कोरी ठेवतात. तिच्यात माती नसते, नुसतं औषध. बाकीच्या बाटल्यायमधी जे दिसते ते मातीचं का औषधाचं, हे त्या कोऱ्या बाटलीवरून समजते."

गोमतीबाई हरभऱ्याची भाजी निवडत होती. "म्हंजे एक कोरं ठेवा लागते."

"व्हय."

"बरं," ती म्हणाली, आणि उज्ज्वलाला वाटलं, समजलं.

पण गावाची रीत वेगळी होती. आजारी माणसाला भेटायला तिथे कुणी रिकाम्या हाताने येत नसे. शहरात लोक सफरचंदं आणतात, इथे इलाज आणायचे. आणि आणलेला इलाज आणणाऱ्यानेच आपल्या हाताने लावायचा, त्याशिवाय गुण येत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज. त्याला नाही म्हणणं म्हणजे पुढ्यात ठेवलेला चहा सरकवून उठून जाणं.

सहाव्या दिवशी उज्ज्वला आधी धुरपताबाईकडे गेली.

"काकू, डाक्टरनं काही लावू नोका म्हनलं हाय."

"डाक्टरचं डाक्टरपाशी," धुरपताबाई म्हणाली. "माह्या हातची खिचडी पोरं खाऊन नाई राह्यले. परवा एका पोट्ट्यानं माह्या तोंडावर सांगतलं, गोमतीमायची लय चांगली रायते म्हने. तुही माय लवकर बरी झाली त मी सुटतो."

उज्ज्वलाने घरी येऊन वहीचं पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आईला कोणीही काहीही लावू नये', आणि ते दारावर चिकटवलं. त्या पानाचा उपयोग एवढाच झाला, की ज्यांना गोमतीबाईच्या दुखण्याचं माहीत नव्हतं त्यांनाही ते कळलं. सातव्या दिवशी कडुनिंबाचं पाणी झालं. नवव्या दिवशी खोबरेलात कापूर. दर वेळी उज्ज्वला कामावरून आली की उजवं कोपर वेगळ्या रंगाचं आणि वेगळ्या वासाचं असायचं.

डाव्या कोपराचं दुखणं आणखी निराळं. तिथे आठव्या दिवसापासून हिरव्या कापडाची रुंद पट्टी बांधलेली होती.

"हे?"

"मंगरूळपीरच्या दर्ग्याचं हाय. याले हात नोको लावू," गोमतीबाई म्हणाली, आणि पदर ओढून घेतला.

उज्ज्वला सरळ जैतुनबीकडे गेली. जैतुनबी दोन घरं सोडून राहायची, गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायची, आणि अख्ख्या गल्लीत तेवढीच एक बाई होती जिने आजवर एकही इलाज आणला नव्हता. म्हणून उज्ज्वलाला जास्त राग आला.

"चाची, तुमी बी?"

"मैंने क्या किया?" जैतुनबीच्या दातांत दोरा होता.

"हिरवं कापड तुमीच देल्लं ना? चट्ट्यावर कापड बांधून त्याले हवा लागते काय?"

जैतुनबीने दोरा तोडला, सुईत ओवला, गाठ मारली. "बेटा, तू शिकेल हायेस. तुह्या मायले इचार."

"तिले इचारलं त ती म्हनते हात नोको लावू."

"मंग नोको लावू ना," जैतुनबी म्हणाली, आणि मशीन सुरू केली.

उज्ज्वलाने चार दिवस आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. गोमतीबाईवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. ती उलट रोज एक भाकरी जास्त वाढायची.

बाराव्या दिवशी जगदेवमामा आला. गोमतीबाईचा थोरला भाऊ, कारंज्याकडचा, मोटरसायकलवर येणारा आणि शर्टाच्या खिशात कायम चार-दोन बिब्बे बाळगणारा माणूस. उज्ज्वला घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ओसरीवर चिमणी मिणमिणत होती, दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचलेला होता आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांभोवती काळ्या ठिपक्यांची वर्तुळं उमटली होती.

"मामा, काही लावाचं नव्हतं," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज तिलाच थकलेला वाटला.

"कोपराले कुठं लावलं? गुडघ्याले लावलं. डाक्टरनं गुडघ्याचं नाव घेतलं व्हतं काय?"

"बिब्ब्याचं तेल कातडी जाळते, मामा."

"जाळलंच पाह्यजे. दुखनं निंगन कुठून मंग?" मामाने दाभण कपड्याला पुसलं. "तुही माय सकाळी भिंत धरून उठते. तुले माहीत तरी हाय काय?"

उज्ज्वलाला माहीत होतं. थंडीत सगळ्यांच्याच आया भिंत धरून उठतात, असं तिला वाटत होतं.

चौदाव्या दिवशी बिब्बा उतला. गुडघ्यांवर पाण्याने भरलेले फोड आले, आणि गोमतीबाई उजवं कोपर गुडघ्यावर टेकवून बसायची म्हणून ते तेल कोपरालाही लागून तिथली कातडी सोलून ओली झाली. मामाने फोन करून खोबरं चावून लावायला सांगितलं. उज्ज्वलाने फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, त्या वाशीमला पोचल्या तेव्हा रांगेत सतरा माणसं पुढे होती. नंबर आला तेव्हा मॅडमनी उजवं कोपर पाहिलं आणि हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"हे ओलं आहे. यावर मी 'लागट नाही' असं लिहू? अजून पंधरा दिवस थांबा."

"आज शेवटचा दिवस आहे, मॅडम," उज्ज्वला म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. टाकळा, कडुनिंब, कापूर, बिब्बा, दारावरचा कागद, सगळं तिने एका दमात सांगितलं. "मी सांगून थकले. या घरात काहीच न लावणं कुणाला जमत नाही."

"मॅडम," गोमतीबाई मधेच म्हणाली, "हे दुसरं पाहा ना."

तिने दातांनी गाठ सोडली आणि हिरवी पट्टी उलगडली. डावं कोपर कोरडं होतं. लाल, जाड, काठ स्पष्ट, वर चांदीसारखे पापुद्रे. हळद नाही, तेल नाही, पुरळ नाही. पंधरा दिवसांत त्याला पाण्याशिवाय कशाचाही स्पर्श झालेला दिसत नव्हता.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. काचेच्या पट्टीच्या कडेने त्यांनी हलकंच खरवडलं, मेणाचा चुरा पडावा तसे पापुद्रे सुटले आणि खाली रक्ताचे टाचणीएवढे ठिपके दिसले. त्यांनी नखं पाहिली. नखांवर बारीक खळगे होते, जे उज्ज्वलाने आजवर भांडी घासण्यावर ढकलले होते.

"सोरायसिस आहे," त्या म्हणाल्या. "हा कुणालाही लागत नाही. उजव्यावरचं ओलं बिब्ब्याचं आहे, तेही लागट नाही. पण बिब्बा लावलात कशाला?"

"गुडघे आखडतात. सकाळी घंटाभर सुदे व्हत नाईत. बोटंबी."

"मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"तुमी कातड्याच्या डाक्टर ना."

मॅडमनी तिच्या बोटांचे सांधे एकेक करून दाबून पाहिले. मग त्यांनी सांगितलं की कोपर आणि गुडघा बहुतेक एकाच आजाराचे आहेत, रक्त तपासावं लागेल, आणि सांधे वाकडे व्हायच्या आत औषध सुरू करावं लागेल. उज्ज्वलाने या आजारावर मिळेल ते सगळं वाचलं होतं. त्यात सांध्यांचा परिच्छेद होता. तिने तो वाचला होता आणि आईला काही विचारलं नव्हतं.

कागद लिहून झाल्यावर मॅडमनी उजव्या कोपराचा वरचा, बिब्बा न पोचलेला काठ पुन्हा पाहिला. "इथलं मात्र डाव्यापेक्षा मऊ पडलंय. काय लावत होता?"

"सगळंच," गोमतीबाई म्हणाली.

"मऊपणा तेलाचा असणार. खोबरेल चालू ठेवा. बाकी सगळं बंद. बिब्बा तर कायमचा."

बाहेर आल्यावर उज्ज्वलाने हिरवी पट्टी हातात घेऊन पाहिली. कडेला तिच्याच जुन्या ओढणीची जर होती.

"दर्ग्याचं म्हने."

"तसं म्हटलं का कोनी सोडत नाई, अन् कोनी काही लावतबी नाई. जैतुनबीनं फाडून देल्लं." गोमतीबाई पायऱ्या उतरत होती, एकेक, कठडा धरून. "एक कोरं ठेवा लागते, तूच म्हनलं व्हतं ना?"

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं त तू दारावर कागद लावला असता."

दुपारी दोनला एसटी मंगरूळपीरला पोचली. गावची गाडी तीन वाजता होती आणि शाळा पाचला बंद होणार होती. उज्ज्वलाने कागदाचा फोटो हेडमास्तरांना पाठवला. उत्तर आलं, 'अभिनंदन. मूळ कागद आजच पाहिजे.' तिने मान वर केली तेव्हा आई स्थानकाच्या बाहेर पडत होती.

"आई, कुठं?"

"दर्ग्यात. खोटं नाव घेतलं त्यायचं. सांगून येतो."

"तीनची गाडी हाय."

"मंग लवकर चाल ना."

दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्या म्हातारीने गोमतीबाईचं उघडं कोपर पाहिलं आणि कसलं तरी मूळ उगाळून लावायला सांगितलं. गोमतीबाईने ते अगदी लक्ष देऊन ऐकून घेतलं. उज्ज्वलाने दोनदा घड्याळ पाहिलं, आईचा डावा दंड धरला आणि तिला ओढतच गाडीपर्यंत आणलं.

शाळेत पोचायला पावणेपाच झाले. हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, म्हणजे ओट्यावर बसलेल्या समितीवाल्यांनाही ऐकू जावा असा. मग टेबलाचा खण उघडून किल्ली काढली. उजवा हात सुकेपर्यंत फोडणी धुरपताबाईच देईल, गोमतीबाईने शेजारी उभं राहून सांगायचं, असं ठरलं. गोमतीबाईने किल्ली डाव्या हाताने घेतली आणि कमरेला खोचली. नंतर तिने तिथे दोनदा हात लावून पाहिला.

धुरपताबाई मोठं पातेलं घासत होती. तिने हात धुऊन गोमतीबाईचं उजवं कोपर आपल्याकडे वळवलं आणि वरचा मऊ काठ निरखला.

"पाह्य वं," ती म्हणाली. "टाकळ्यानंच गुन देल्ला."

उज्ज्वलाने बोलायला तोंड उघडलं. तेल, पापुद्रे, बिब्बा, कोरी बाटली, सगळं ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, पिशवीतून वही काढली, कोरं पान शोधलं आणि पेन उघडलं.

"काकू, बी किती घेतलं व्हतं? अन् ताक?"

धुरपताबाईने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मोजते कोन वं, पोरी?"