एक वाक्य, एक नोट

न्हाव्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात; त्याच्या सलूनमध्ये तर टक्कल पडलेले लोकही नुसते गप्पांना येऊन बसायचे. अशा माणसाचा आवाज गेला हो, घशाच्या ऑपरेशनात! उरला मोबाईल. त्यातल्या नोट्समध्ये लिहायचं आणि बायकोपुढे धरायचं, एवढंच बोलणं.

पण स्वभाव कुठला जातोय? प्रत्येक वाक्याला नवी नोट. ‘चहा’ एक, ‘साखर कमी’ दुसरी. वर गिऱ्हाइकांच्या डोक्यांचे फोटो. हजारो नोट्सच्या ओझ्याखाली ॲप पार मेटाकुटीला आलं. उघडायला गेलं की पांढरा पडदा आणि त्यावर गरगरणारं वर्तुळ. बायको ओल्या हातांनी उभी. "अहो, लवकर काय ते सांगा, गॅसवर भाजी आहे!" तो पडद्याकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि हातानेच ‘जाऊ दे’ म्हणायचा. तीही सुटल्यासारखी स्वयंपाकघरात पळायची.

रविवारी लेक आली. "बाबा, एकच नोट उघडायची, लिहायचं, पुसायचं! हे काय करून ठेवलंय?" तिने फोटो हलवले, जुन्या नोट्स कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि मोबाईलमधून काढून टाकल्या.

उतरवलेलं बायको वाचत बसली. ‘दार ओढून घे.’ ‘भाजी छान.’ आणि मग ‘झोपलीस का?’ पुन्हा ‘झोपलीस का?’ पानंच्या पानं तेच. तिला तर यातलं एकही त्याने दाखवलं नव्हतं.

"हे कधी लिहिलंत हो?"

आता ॲप झटक्यात उघडलं. ‘रात्री. श्वास अडकतो. फार भीती वाटते गं.’

"अगं बाई! मग हलवून उठवायचं ना मला!"

‘दिवसभर राबतेस. झोपमोड नको वाटायची.’

"निदान सकाळी तरी सांगायचं!"

मग त्याने हळूहळू लिहिलं, ‘रोज सांगायला घ्यायचो. हे उघडेपर्यंत तुझी घाई दिसायची. धीर सुटायचा.’

ती मटकन त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडली. तोही रडत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता.