बिल्ल्याबरोबर दिलेली

नावाड्याच्या घरात चूल पेटायच्या आधी बिल्ला घासला जातो. पितळेचा, तळहाताएवढा, दंडावर बांधायचा. त्यावरचा नंबर लांबून वाचता आला नाही, तर बंदराचा शिपाई दंड ठोकतो. म्हणून घराघरांतल्या बायका सकाळी सकाळी राख घेऊन बसतात.

या घरचा नावाडी तापानं गेला, त्याला अडतीस दिवस झाले होते. तरी त्याची बायको उंबऱ्यात बसून तेवीस नंबर घासत होती.

"बाबा नाहीत, मग कशाला घासतेस गं?" लेकीनं विचारलं.

"हाताला सवय. तू तोंडातलं बोट काढ आधी."

लेक दहा वर्षांची. वरचा एक दुधाचा दात हलत होता आणि तिला दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. तिचं नाव पडलं होतं शिट्टी. दोन बोटं जिभेखाली घालून धक्क्यावरून शिट्टी मारली, की बंदरातल्या पन्नास नावांमधून एक वल्हं वर व्हायचं. ते बाबांचं. जेवण आलंय, असा त्याचा अर्थ.

धक्क्यावर बंदराच्या नियमांची पाटी होती. माणशी भाडं किती, पेटीमागे किती, जास्त मागितलं तर नंबर जप्त. तळाशी एक नियम होता. नावाडी मेला, तर चाळीस दिवसांत त्याच्या घरातल्या वयात आलेल्या पुरुषानं कचेरीत येऊन नाव चढवावं. नाहीतर नंबर खोडला जाईल. नंबराशिवाय नाव हाकायची नाही. नवे नंबर तर कित्येक वर्षांत निघालेच नव्हते.

मग ज्या घरात मुलगा नाही, त्यांनी काय करायचं? मुलगी द्यायची. जावई घरात घ्यायचा, नंबर त्याच्या दंडावर चढवायचा. पाटीवर लग्नाचा शब्दही नव्हता. तो रस्ता आपल्याच माणसांनी काढला होता, आणि त्यावरून इतक्या पोरी चालत गेल्या, की तो जणू सरकारी रस्ताच झाला.

दुपारी थोरले दीर आले. नावाड्यांचे मुकादम ते. मागून एक चाळिशीचा माणूस आला आणि बाजेवर बसला. एकदा बसला की उठत नाही, म्हणून सगळे त्याला लंगर म्हणत. भर पाण्यात नाव थांबवून दुप्पट भाडं मागितल्यामुळे त्याचा नंबर गेला होता.

"हे बघ बाई," दीर म्हणाले, "परवा चाळीसावा दिवस. नाव चढवायची फी मी भरून टाकलीय. हा विधुर आहे, पण दारू नाही, काही नाही. पोर तुझ्याच घरात राहील, तुझ्या डोळ्यांसमोर. आणखी काय हवं?"

"भाऊजी, तिचे दात पडतायत अजून."

"माझ्या बायकोचेही पडत होते. मेली का ती?"

ते वाईट नव्हते. भावाच्या आजारपणात रात्र रात्र जागले होते. 

शिट्टी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काका, बाबांची नाव तुम्ही चालवणार? डावीकडे ओढते हं ती."

लंगरानं मान खाली घालून पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी थोरली जाऊ नवं कापड घेऊन आली. शिट्टीच्या अंगाला लावून पाहिलं आणि दोन वीत दुमडून टाके घालायला बसली. "वाढली की उसवता येईल," ती म्हणाली. मग दोरा दातानं तोडत, "माझंही असंच दुमडलं होतं."

"किती वर्षांच्या होता, जाऊबाई?"

"माझ्या बापाचा नंबर सतरा होता. तो सगळ्यांना पाठ आहे. माझं वय आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." सुई थांबली. "नऊ."



चाळीसाव्या दिवशी सगळे कचेरीत गेले. वाटेत धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "लंगराला नाव मिळाली रे!" आणि हशा पिकला. जाऊ बाहेर पायरीवर बसली. मांडीवर अजून तेच शिवण होतं. आत बाकावर आणखी एक बाई आपली पाळी यायची वाट पाहत होती. तिच्या मांडीवर पाचेक वर्षांची मुलगी झोपली होती.

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तेवीस. पुरुष कोण?"

"साहेब," आई म्हणाली, "त्यांना ताप असायचा तेव्हा पहाटे मीच वल्हवत होते. मलाच द्या की."

कारकून हसला. लंगरही हसला. "पुरुष कोण?"

"हा," दीर म्हणाले. "जावई."

"लग्न झालं?"

"संध्याकाळी आहे. आमंत्रणं देऊन झालीयत."

"चालेल. बाई, इथं अंगठा."

तिनं अंगठा शाईत बुडवला. तेवढ्यात पदर ओढला गेला. शिट्टी तोंड उघडून उभी होती, ओठाला थोडं रक्त, तळहातावर तांदळाएवढा दात.

"आई, पडला! आपोआप पडला, मी ओढला नाही!"

तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की आईला त्या खोलीत उभं राहवेना. तिनं शाईचा अंगठा स्वतःच्याच लुगड्याला पुसला.

"हा माझा कुणी नाही," ती म्हणाली. "माझ्या घरात पुरुष नाही. लिहा."

"नंबर खोडला जाईल."

"खोडा."

"अगं, खाशील काय?" दीर जवळजवळ रडकुंडीला आले. "नाव नुसती कुजेल!"

"शिडं शिवीन."

"शिडं शिवून दोघींचं भागतं होय?"

"नाही भागणार, भाऊजी. मला ठाऊक आहे."

तिनं बिल्ला टेबलावर ठेवला. सकाळीच घासलेला, लखलखीत. कारकुनानं तो खणात टाकला. खणात आधीचे बरेच होते, आवाजावरून कळलं.

बाकावरच्या बाईनं झोपलेल्या मुलीला छातीशी घट्ट धरलं. तिची पाळी आली होती. ती उठत नव्हती.

बाहेर जावेनं आतलं सगळं ऐकलं होतं. तिनं मांडीवरचं कापड उलटं केलं आणि सुईच्या टोकानं एक एक टाका उसवायला लागली.

शिट्टी धक्क्याच्या टोकाशी गेली. दात पडल्याची बातमी सांगायला तिनं सवयीनं दोन बोटं जिभेखाली घातली. शिट्टी पाण्यावरून लांब गेली. एकोणपन्नास नावा होत्या, एकोणपन्नास दंडांवर पितळ चमकत होतं. सगळ्यांनी ऐकलं. काहींनी वळूनही पाहिलं.

वल्हं कुणी वर केलं नाही.

तिनं पुन्हा शिट्टी मारली.