थंड निखारे

शेजारच्या नव्या सुनेचा हात मध्येच थांबला, तिथून हे सगळं सुरू झालं. आमचे हे, बाबली, सुर्ल्याला खनिजाचा टिपर चालवतात. वर्षभर पाय गमबुटात, घामाने नाहीतर चिखलाने भिजलेले. दोन्ही अंगठ्यांची नखं जाड, पिवळी झाली होती, कडांनी भुसा सुटायचा. डॉक्टरला दाखवा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. ऐकतील तर शपथ. पण हे देवीचे धोंड, शिरगावच्या जत्रेला व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे. जत्रेहून परतले की वाड्यावरची माणसं पाया पडायला येतात. गेल्या वर्षी शेजारच्या विशालची नवी बायको वाकली, तिला ती नखं दिसली आणि तिने हात मागे घेतला. ह्यांनी ते पाहिलं. पुढच्याच आठवड्यात स्वतःहून डिचोलीला त्वचेच्या डॉक्टरकडे निघाले. बायकोच्या घशाला किंमत नव्हती, परक्या सुनेच्या हाताला होती.

डॉक्टरीणबाईंनी छोटी बाटली दिली. आत नेलपॉलिशसारखं औषध. आधी नख कानशीने घासायचं, पुसायचं, मग वरून औषधाचा हात फिरवायचा, दर आठवड्याला. नवं नख पूर्ण यायला वर्ष लागेल म्हणाल्या. आणि ह्यांना शुगर, म्हणून घासायचं काम घरच्या कुणीतरी जपून करायचं. ते कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला नको.

दर रविवारी जेवणं झाली की मी ह्यांचा पाय मांडीवर घेऊन बसायची. आमची गौरवी चिडवायची, "मम्मी, पप्पांक तांबडो कलर लाय." हेही हसायचे. खरं सांगते, मला ते रविवार आवडायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचे पाय मी असे हातात कधी घेतले नव्हते. नखांच्या मुळाशी स्वच्छ, गुलाबी रेघ दिसायला लागली तेव्हा मी देवाजवळ साखर ठेवली.

मग एका रविवारी माझी कानस घसरली. उजव्या अंगठ्याच्या कडेला मांसात गेली, रक्त मांडीवर आलं. आई गो, असं मीच म्हटलं. हे मोबाइलवर क्रिकेट बघत होते.

"कितें जालें?" त्यांनी विचारलं.

मी रक्त थांबवलं, पट्टी बांधली आणि म्हटलं, "डोळे धांपा. हांव खंयच्या बोटाक हात लायतां तें सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "आतां अंगठ्याक," म्हणाले. थोडं थांबून, "आतां करंगळेक. म्हाका सगळें कळटा गो."

माझे दोन्ही हात माझ्याच मांडीवर होते. मी त्यांच्या पायाला शिवलेही नव्हते. डोळे उघडून त्यांनी माझे हात पाहिले आणि मोबाइल उचलून बाहेर गेले.

मी त्यांना ओढतच डिचोलीला नेलं. शुगरने पायांच्या नसा मेल्या आहेत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अनवाणी अंगणातसुद्धा फिरायचं नाही, आग तर लांबच राहिली. पाय हवा असेल तर यंदा जत्रा नाही. हे मान डोलवत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हें भायर कोणाक सांगशी जाल्यार म्हजें तोंड पळोवची ना." आणि स्वतःच स्टँडवर जाऊन बसले.

जत्रा जवळ आली तसे ते व्रत धरून मांडवात राहायला गेले. धोंड तिथे एकत्र राहतात, तळीवर आंघोळ करतात, आपलं आपण रांधतात. घरचं काही चालत नाही. रविवारी मी बाटली घेऊन गेले.

ह्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. "ह्या औषदाक सोऱ्याचो वास येता. व्रतांत चलना."

"पियात म्हणून सांगलें? नखाक लायात म्हणटां," मी म्हटलं. दारूचं नाव निघताच चारचौघे हसले. मला हसू येत नव्हतं. "नख रावं दी. तो घाय तरी दाखयात."

त्यांनी घाव दाखवला नाही. मग मी ठरवलं, ह्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही तरी चालेल. सगळ्यांत वडील धोंड गोकुळदासकाका, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "काका, ह्यांच्या पायांक कांय कळना. सुई तोपली तरी कळना. ह्यांका उज्यांत वचूंक दिवं नाकात."

आगीत जाऊ देऊ नका, हे माझं मागणं काकांनी ऐकून घेतलं, डोळे मिटून हात जोडले. "बाये," ते म्हणाले, "तीच गो देवीची कृपा."

मांडवातल्या सगळ्यांनी हात जोडले. आणि हे? ह्यांचा चेहरा असा उजळला की मला त्या माणसाची भीती वाटली. मी बाटली पदरात धरून घरी आले आणि सैपाकघरात बसून रडले. रागाने.

जत्रेनंतरच्या सकाळी हे परतले, गळ्यात मोगऱ्याचे हार. लोकांनी विचारलं, निखारे कसे लागले? "थंड," हे म्हणाले. "फुलांवयल्यान चलल्यावरी." विशालची बायको वाकली, तिने दोन्ही पायांना हात लावून नमस्कार केला. अर्धी नखं स्वच्छ झालेली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जिंकल्यासारखं. मला तळव्याची लोंबणारी कातडी दिसत होती.

दवाखान्यात जायला ते तयार झाले तोवर खोलीत वास सुटला होता आणि अंगठ्यापासून वर सगळं काळं पडलं होतं. उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

आता ते खाटेवर असतात. भेटायला येणारे अजून तेच विचारतात आणि हे अजून तेच सांगतात, थंड. मी चहा देते.

काल गोकुळदासकाका येऊन गेले. ते फाटकाबाहेर पडताच ह्यांनी माझं मनगट धरलं. तोंडावर घाम सुटला होता. "पाय जळटा गो."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्या पायाला काही कळलं. मी घाईघाईने डावा पाय मांडीवर घेतला.

"तो न्हय," ते म्हणाले आणि चादर सपाट पडली होती तिथे बोट दाखवलं. "हो उजवो. अंगठो. निखाऱ्यार दवरल्यावरी जळटा. उदक घाल."

मी चादर बाजूला केली. त्यांनी पाहिलं. तरी म्हणाले, "घाल गो, उदक घाल."

मी बालदी भरून आणली आणि ती हातात धरून खाटेपाशी उभी राहिले. पाणी ओतायचं कुठे, ते कळेना.