पाटाखालची जमीन

मांडवाच्या खांबासाठी खड्डा खोदला, त्याच्यात मी दोन बकेटी पाणी ओतलं. माती दबावी म्हणून. पाणी थांबलंच नाही. आमच्या लेआउटची काळी माती पाणी पिते, पण पिल्यावर फुगते, चिकट होते. हे तं सरळ खाली गेलं, अन कुठं गेलं पत्ता नाही.

मले समजलं. या प्लॉटवर पयले शेतातली विहीर होती. बाबांनी विटांचे तुकडे, राख, तुराट्या, जे भेटलं ते कोंबून ती बुजवली अन बाजूले घर बांधलं. बुजवलेली विहीर अपशकुनी, म्हणून कोणापाशी बोलायचं नाही. आता तिच्यावरच मांडव. संध्याकाळी माही बहीण गोपिका तिथंच पाटावर बसणार, अन पाच बाया तिच्यावर हळदीचं पाणी ओतणार.

"बाबा, पाट पेरूखाली ठेवा. इथं पोकळ आहे."

"नववीत शाळा सोडली, आता इंजिनिअर झाला का बे?"

"मंग पाणी काहून गायब होऊन राहिलं?"

"हळू बोल. खाप्याच्या पाहुण्याईले विहिरीचं समजलं तं सोयरीक मोडन."

मी बकेटीले लात मारली. सब्बल, लोखंडी पहार, आणून जमीन ठोकून पाह्यली. पेरूखाली ठक. मांडवाखाली ढब.

गोपिका दारात आली. "काय ठोकून राहिला गा?"

"पाटावर बसू नको वं."

"न बसून काय सांगू त्याइले? सासरी जायाचंच नाही म्हणू?"

"मंग मी म्हणन तवा ऊठजो."

"लुगडं ओलं असन माहं."

"ओलीच ऊठ."

ऊन उतरता उतरता खाप्याहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन जीप आली. नवरदेवाची आत्या, सत्यवतीबाई, घराभोवती चक्कर मारून आली.

"घर झक्कास आहे रुपरावजी. पण येवढ्या प्लॉटात विहीर नाही?"

"नळ आहे ना जी," बाबा हसले.

पाटाभोवती पिठाचा चौक काढला. गोपिका बसली. बायाइनं गाणं धरलं, पाणी ओतणं सुरू झालं. लोट्यामागून लोटे, तरी अंगणात चिखल नाही. पाणी बाहेर वाहतच नव्हतं, पाटाखालीच जाऊन राहिलं होतं. मी पिठाच्या रेघेवरची नजर काढली नाही. सरळ रेघ मधात वाकली.

"गोपे, ऊठ!"

ती उठली. मी हात धरून तिले पेरूखाली ओढलं.

"अव माय! अर्ध्या न्हाणातून नवरी उठते काय?" सत्यवतीबाई कडाडल्या.

"काही नाही जी, पोट्टं येडं आहे आमचं," बाबा म्हणाले, अन हसत हसत पाटावर जाऊन उभे राह्यले. दोनदा पाय आपटला. "पाहा. आहे काही?"

गाणं थांबलं होतं. बाजूचा पितळी लोटा आडवा झाला, हळूहळू घरंगळत पाटाखाली गेला अन दिसेनासा झाला. मंग काहीच नाही. एवढा वेळ काहीच नाही की मले वाटलं, माहंच चुकलं.

मंग लय खालून आवाज आला. डुबुक.

"हे काय वाजलं?" आत्याबाईनं इचारलं.

मी मांडवाचा बांबू उपसून पुढं केला. "बाबा, हलू नका. धरा."

बाबांनी बांबूकडे पाह्यलं नाही. आत्याबाईकडे पाह्यलं. कपाळावर घाम, तरी हसले.

"नळ आला असन जी," ते म्हणाले.

त्याइच्या पायामागं पिठाची रेघ तुटली.